मिस्त्री कोण आणि बिगारी कोण?

"बायकांना बांधकामातलं काय कळतं?" शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात जिथे घराचे काम चालू असेल तिथे हे वाक्य कानावर पडतेच. म्हणणारा ते रागाने म्हणत नाही, आज ऊन फार आहे म्हणावे इतक्या सहज म्हणतो. ऐकणाऱ्या बाईलाही त्यात वावगे वाटत नाही. डोक्यावरचे घमेले सावरत ती पुढे जाते. या सहजपणाची किंमत ती दर संध्याकाळी मोजते. तिच्या हातावर मिस्त्रीच्या अर्ध्याच्या आसपास पैसे पडतात, आणि ते तिला बरोबर वाटतात.

आपण स्त्री-संघटनांनी मजुरीच्या प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. मोर्चे काढले, तहसीलदाराला निवेदने दिली, समान कामाला समान दाम ही घोषणा गावोगाव नेली. पण "समान काम" म्हणजे काय हे ठरवायचे मात्र मुकादमावर आणि मिस्त्रीवर सोडून दिले गेले. माझे म्हणणे असे की इमारतींच्या दुरुस्तीच्या आणि देखभालीच्या कामात बाईवरचा अन्याय मजुरी वाटताना होत नाही. तो सकाळीच, कामाला नाव देताना होतो. एकाला मिस्त्री म्हटले आणि दुसरीला बिगारी म्हटले की संध्याकाळचा हिशेब आपोआप ठरतो.

घर राखण्याची विद्या

घर एकदा बांधले की उभे राहते, हा शहरी समज आहे. आपल्या भागात जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात घर दरवर्षी राखावे लागते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर आणि इतरही जातींच्या वस्त्यांत अजून कुडाची घरे आहेत. कारवीच्या काठ्यांचा कुड आणि त्यावर शेणमातीचे लिंपण. हे लिंपण कोण करते? बाई. माती कुठल्या बांधावरची आणायची, तिच्यात तूस किंवा बारीक केलेला पेंढा किती घालायचा, किती दिवस मुरू द्यायची, शेण किती म्हणजे भेग पडणार नाही आणि किती झाले म्हणजे पोपडे धरतील, हे सगळे तिला ठाऊक असते. पावसाची झड ज्या बाजूने येते त्या बाजूचे लिंपण जाड ठेवायचे हेही तिला कोणी शिकवावे लागत नाही. भुई करायची तर माती पसरून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून, चोपण्याने चोपून, वर सारवण. भात झोडायचे खळे याच पद्धतीने तयार होते. त्याला भेग गेली तर दाणे मातीत जातात, म्हणून तिथे चूक चालत नाही.

पावसाळ्याआधीची शाकारणी पाहा. कौले परतायला पुरुष वर चढतो हे खरे. पण घर कुठे गळते हे त्याला कोण सांगते? चार महिने ज्या बाईने गळतीखाली भांडी ठेवली, चूल कोरडी राखली, धान्याच्या कणग्या हलवल्या, तिच्या डोक्यात छपराचा पूर्ण नकाशा असतो. कोणता वासा वाळवीने खाल्ला, कोणती रीप खचली, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी कुठे मुरते, हे ती खालून सांगते आणि तो वरून करतो. गावात म्हणताना मात्र म्हणतात, "त्याने घर शाकारलं."

ही विद्या आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेली आहे. तिच्यात मालाची पारख आहे, प्रमाण आहे, हवामानाचा अंदाज आहे. पण तिला कधी विद्या म्हटले गेले नाही, कारण ती घरात फुकट मिळत होती. ज्याचे पैसे पडत नाहीत त्याला काम म्हणायचे नाही, आणि ज्याला काम म्हटले नाही त्यात कौशल्य कसले, असा हा हिशेब आहे.

विटेचे घर आले आणि बाई बिगारी झाली

आता कुडाची घरे जाऊन विटा-सिमेंटची घरे येत आहेत. यावी, त्याचे स्वागतच आहे. साप-विंचवांच्या आणि गळतीच्या घरात बाईने आयुष्य काढावे असे कोणी म्हणणार नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले. कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेत घरासाठी २ लाख ठरले. घरकुल पती-पत्नी दोघांच्या नावावर किंवा एकट्या पत्नीच्या नावावर द्यावे अशीही तरतूद आहे. म्हणजे कागदावर बाई घराची मालकीण झाली. पण कामावर?

कामावर तिच्या हातातली माती गेली आणि डोक्यावर घमेले आले. कालपर्यंत भिंत लिंपणारी बाई आज गिलाव्याचा माल वाहणारी झाली. थापी, रंधा, ओळंबा ही हत्यारे पुरुषाच्या हातात गेली आणि हत्याराबरोबर मिस्त्री हे नावही गेले. तिच्याकडे फावडे, घमेले आणि पाण्याचा हंडा उरला. त्या सगळ्याला मिळून एकच शब्द, बिगारी.

पण ही बिगारी म्हणजे नक्की काय करते ते एकदा नीट पाहू या. माल कालवते. विटेच्या कामाला एकास सहा, गिलाव्याला एकास चार, असे सिमेंट-वाळूचे प्रमाण मिस्त्री तोंडाने सांगतो, पण घमेली मोजते ती. वाळू चाळून घेते ती. पाणी जास्त झाले तर माल दुबळा होतो, कमी झाले तर थापीला धरत नाही, हे तिला हाताने कळते. काम संपल्यावर मिस्त्री दुसऱ्या गावी जातो. पुढचे निदान सात दिवस भिंतीला, स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारते? तीच. उन्हाळ्यात विहीर लांब असली तरी तीच. आणि सिमेंटच्या कामाची ताकद मुळात कशावर ठरते? मालाचे प्रमाण, पाण्याचे प्रमाण आणि नंतर मारलेले पाणी यांवर. म्हणजे घर पन्नास वर्षे टिकेल की पाचव्या पावसाळ्यात भिंतीला ओल चढेल, हे ज्या कामांवर अवलंबून आहे, त्यातली निम्मी आपण "अकुशल" ठरवलेल्या बाईच्या हातून होतात.

मिस्त्रीचे कौशल्य कमी लेखायचे कारण नाही. ओळंब्यात भिंत उचलणे सोपे नाही. ते शिकायला वर्षे जातात. पण तो शिकला कसा? तोही आधी कोणाच्या तरी हाताखाली बिगारीच होता. वर्ष-दोन वर्षांत त्याच्या हातात थापी दिली गेली. त्याच मिस्त्रीच्या हाताखाली पंधरा-पंधरा वर्षे काम केलेल्या बाया आपल्या गटांत आहेत. त्यांच्या हातात थापी आली नाही. मुलगा बिगारी म्हणून लागतो तो पुढे मिस्त्री होण्यासाठी, बाई लागते ती बिगारी म्हणूनच थकण्यासाठी. वर पुरुष बिगाऱ्याचा दर वेगळा आणि बाई बिगारीचा वेगळा, हे आहेच.

"जोडी" नावाचा सापळा

आपल्या भागाला एक शब्द फार ओळखीचा आहे, तो म्हणजे जोडी. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मजूर मोजत नाहीत, जोडी मोजतात. हजार विटांमागे जोडीचा दर ठरतो, उचल पुरुषाच्या हातात आणि नावावर दिली जाते आणि हिशेब त्याच्याशी होतो. बाई चिखल करते, विटा वाहते, थापायला मदत करते, वर स्वयंपाक आणि मूल सांभाळते. पण भट्टीच्या वहीत तिचे नाव नसते.

हाच शब्द आता देखभालीच्या कामात आला आहे. मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके मुंबई-कल्याणच्या लोकांच्या सुट्टीच्या घरांनी भरत चालले आहेत. माळशेजच्या रस्त्याला, धरणांच्या आसपास, डोंगरांच्या पायथ्याला बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली आहेत. जमिनी गेल्या, आणि त्याच जमिनीवर पूर्वीच्या मालकाला राखणदाराची नोकरी मिळाली असेही झाले आहे. अशा ठिकाणी मागणी एकच असते, "जोडपं पाहिजे." पगार ठरतो पुरुषाशी. काम करायचे दोघांनी. पंप चालू-बंद करणे, टाकी धुणे, बागेला पाणी, किरकोळ दुरुस्ती हे त्याचे. खोल्या झाडणे-पुसणे, संडास-न्हाणीघर धुणे, पाहुणे आले की भांडी, कपडे, भाकरी, भिंतींची बुरशी खरवडणे, पावसाळ्यात गच्चीवरचा पाला काढणे हे तिचे. शेठ म्हणतो, "राहायला खोली दिली आहे, लाईट-पाणी फुकट आहे." म्हणजे एका पगारात दोन माणसे, आणि दुसऱ्या माणसाचा पगार म्हणजे ती खोली!

यात नुसता पैशाचा प्रश्न नाही. नवरा दारू पिऊ लागला, मारू लागला, तर ती बाई कुठे जाणार? नोकरी त्याची, खोली नोकरीबरोबरची. नवरा वारला तर दुसऱ्या महिन्यात "आता जोडपं लागेल" म्हणून तिला बाहेर काढता येते. टाकी धुताना ती पडली, शिडीवरून घसरली, तर नुकसानभरपाई कोणाला मागायची? मालक सांगेल, ही आमच्याकडे कामाला नव्हतीच. आणि ते कागदावर खरेच असेल. हजेरीपटावर नाव नसणे म्हणजे काय असते, ते अपघाताच्या दिवशी कळते.

सरकारी भिंतीही कोणीतरी राखते

खाजगी मालकाला दोष देऊन सरकारला सोडून चालणार नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना शिपाई नसतो. मग वर्ग कोण झाडते, शाळेचे संडास कोण धुते, पावसाचे पाणी वर्गात आले तर कोण उपसते? काही ठिकाणी मुले, आणि त्यातही मुलीच जास्त. बऱ्याच ठिकाणी ही कामे पोषण आहार शिजवणाऱ्या बाईच्या गळ्यात पडतात. तिला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २००९ पासून केंद्राचा दर महिना १००० रुपये होता. आपल्या राज्याने २०२३ मध्ये मानधन १५०० वरून २५०० रुपयांवर नेले, आणि तेही वर्षातले दहा महिने. स्वयंपाकाचेच हे पैसे अपुरे. त्यात इमारतीची राखण फुकट.

आश्रमशाळांत तर आदिवासी मुलेमुली राहतात. तिथे नळ, संडास, छप्पर, विजेचे बटण नीट असणे हा मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. तिथले स्वयंपाकी, कामाठी, सफाई करणारे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राहिले. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात बिऱ्हाड आंदोलन केले ते याच असुरक्षिततेतून. ठेकेदार आला की मधला माणूस वाढतो आणि काम करणाऱ्याच्या हातात पडणारे पैसे कमी होतात. हा अनुभव एकट्या नाशिकचा नाही.

हातपंपाचेही तसेच. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात. पंप बिघडला तर पंचायत समितीचा माणूस येईपर्यंत हंडे घेऊन बाया लांबच्या विहिरीवर जातात. वायसर झिजला की पाणी किती हेलकाव्यांनी येते, साखळी तुटायच्या आधी दांडा कसा वाजतो, हे रोज पंप मारणाऱ्या बाईला कळते. पण पान्हा तिच्या हातात कोणी दिलेला नाही.

आणि या सगळ्या उतरंडीच्या तळाला कोण, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. गटार, संडास, तुंबलेली नळी यांच्या कामाला आपण देखभाल म्हणत नाही, सफाई म्हणतो. तो शब्द वापरला की काम जातीवर जाते आणि मजुरी आणखी खाली जाते. प्लंबर आणि सफाईवाली एकाच तुंबलेल्या नळीवर काम करतात, पण एकाला कारागीर म्हणतात आणि दुसरीला चहा वेगळ्या कपात देतात. बाईच्या कौशल्याला मान मागताना आपण फक्त थापीची गोष्ट केली आणि झाडूची केली नाही, तर आपली मागणी अर्धी राहील.

कायदा काय म्हणतो आणि कुठे निसटतो

आपल्या गटांत कायद्याची चर्चा होताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाची जी व्याख्या केली होती तिच्यात नवे बांधकाम तर होतेच, पण फेरफार, दुरुस्ती, देखभाल आणि इमारत पाडणे हेही होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. दुरुस्ती आणि देखभाल हे शब्द नव्या व्याख्येतही आहेत. म्हणजे गळके छप्पर नीट करणारी, भिंतीला रंग देणारी, गिलावा दुरुस्त करणारी बाई ही बांधकाम कामगार आहे. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांचे काम असेल तर कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीचा रस्ता तिला आहे.

पण निसटायची वाटही तिथेच आहे. सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येतून दहापेक्षा कमी कामगारांचे काम आणि स्वतःच्या राहण्याच्या घराचे ५० लाखांपर्यंतचे काम वगळले आहे. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या घराची ही मर्यादा १० लाखांची होती. आता विचार करा, दुरुस्तीच्या कामावर दहा माणसे कधी असतात? एक मिस्त्री, दोन बाया, संपले. म्हणजे शब्द आत ठेवला आणि माणसे बाहेर काढली. ९० दिवसांच्या दाखल्याचीही रड आहेच. आज या घरी दोन दिवस, उद्या त्या घरी अर्धा दिवस, असे काम करणाऱ्या बाईला दाखला देणार कोण? ग्रामसेवकाच्या दारात ती किती वेळा उभी राहणार?

समान वेतनाचे पाहा. १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहितेत गेला आहे. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्री म्हणून कमी वेतन देता येणार नाही, हे तत्त्व कायम आहे. समान स्वरूप कशावरून ठरवायचे? लागणारे कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी यांवरून. १९८७ मध्ये मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या लघुलेखिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बारीकसारीक फरकांवर न जाता प्रत्यक्ष कोण काय काम करते ते व्यापक दृष्टीने पाहावे. हे आपल्या फार कामाचे आहे. कारण किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात, आणि बाईला एकदा अकुशलच्या रकान्यात टाकले की समान वेतनाचा कायदा तिच्या दारापर्यंत येतच नाही. मालक म्हणतो, मी भेदभाव कुठे केला? सगळ्या अकुशलांना एकच दर देतो. म्हणून आपले भांडण रकान्याचे आहे.

जे झाले आहे ते होऊ शकते

बाईच्या हातात हत्यार देणे ही स्वप्नातली गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम हजाराहून अधिक गावांत झाला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांच्या बायांना संवाद सहायक म्हणून उभे केले. माळवदावरचा मातीचा बोजा का कमी करायचा, दगडी भिंतीचे कोपरे कसे बांधून घ्यायचे, हे त्या शिकल्या, त्यांनी गावाला समजावले आणि मिस्त्रीच्या कामावर लक्ष ठेवले. ज्या समाजात बाई चारचौघांत बोलत नव्हती तिथे ती इंजिनिअरला प्रश्न विचारू लागली.

उत्तर प्रदेशच्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्येच्या कामातून गरीब, दलित, बहुतेक निरक्षर बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या काळात पुरुष मिस्त्री पुरेनात, तेव्हा बचत गटांच्या बायांनी संडास बांधायला घेतले आणि त्यांना नाव मिळाले राणी मिस्त्री. नावाची ताकद पाहा. बिगारीची राणी मिस्त्री झाली की दरही वेगळा मागता येतो.

आणि आपल्या महाराष्ट्राचाच अनुभव विसरू नका. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या कायद्याने रोजगार हमीची कामे झाली, तेव्हा मातीकामाचा दर मापावर होता. चौकडी किती खणली ते मोजायचे, खणणारा हात बाईचा की पुरुषाचा ते मोजायचे नाही. तिथेही मुकादमांनी लबाड्या केल्या. तरी काम मोजले की बाईची मजुरी वर येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

काही आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच बायांचा असतो. "स्वतःच्या घराला सारवायचे पैसे कोण मागतं?" कोणीच मागू नये. पण स्वतःच्या शेतात नांगर धरणाऱ्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याचा अनुभव मोजतो. तसा घर राखण्याचा अनुभव मोजा. सरकारच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात ४५ दिवस शिकवतात. वीस वर्षे माती, शेण आणि सिमेंट हाताळलेली बाई तिथे कोरी पाटी म्हणून येत नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. छपरावर पुरुष चढतो, जोखीम त्याची, म्हणून दर त्याचा. मग जोखमीचा वेगळा भत्ता द्या, आणि तो चढेल त्याला द्या, बाई चढली तर तिलाही. डोक्यावर घमेले घेऊन बांबूच्या परातीवर चढणारी बाई जोखीम घेत नाही असे कोण म्हणेल? आणि मानेचे, कमरेचे, अंग बाहेर येण्याचे दुखणे ही जोखीम नव्हे काय? ती सावकाश येते म्हणून मोजत नाहीत, इतकेच.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर एकटीने देता येणार नाही. "जास्त मागितले तर दुसरीला बोलावतील." नाक्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईची ही भीती आहे. आसनगाव-वासिंदहून लोकलने कल्याणला जाणारीची आहे, आणि मुरबाडला रेल्वे नाही म्हणून जीपच्या भाड्यात निम्मी कमाई घालवणारीचीही आहे. यावर उपाय एकच, दर एकीने ठरवायचा आणि एकीने पाळायचा. पुरुष मिस्त्रींनाही यात ओढले पाहिजे. बाई स्वस्त मिळते म्हणूनच बिगाऱ्याचा दर खाली राहतो, आणि त्याचा फायदा मिस्त्रीलाही होत नाही, ठेकेदाराला होतो.

आपण काय करायचे

मोठ्या मागण्या शासनाकडे करू या. घरकुलांच्या गवंडी प्रशिक्षणात निम्म्या जागा बायांना द्या आणि त्या काळात पाळणाघर द्या. शाळा आणि आश्रमशाळांच्या देखभालीला स्वतंत्र पद, स्वतंत्र पगार द्या, ते काम स्वयंपाकिणीवर टाकू नका. प्रत्येक मोठ्या पाड्यात दोन बायांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण, हत्यारे आणि दर दुरुस्तीमागे मोबदला द्या. दहा कामगारांची अट दुरुस्ती-देखभालीच्या कामाला लावू नका. दाखल्यासाठी ग्रामसभेचा किंवा गटाचा कामाचा नोंदवहीतला उतारा ग्राह्य धरा.

पण शासन ऐकेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढे करावे. एक वही घ्यावी. आपल्या गावात कोण बाई काय करते ते लिहावे: लिंपण, भुई, माल कालवणे, गिलावा, रंग, टाकी धुणे, संडास धुणे, बंगल्याची राखण. किती वर्षे करते ते लिहावे. कोणाकडे, किती दिवस, किती पैसे, तारीखवार लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतल्या मुलीने लिहावे. ही वही म्हणजे उद्याचा ९० दिवसांचा पुरावा, आणि रकान्याच्या भांडणातला आपला कागद.

बंगल्यावर जोडपे म्हणून राहणाऱ्या बायांनी मालकाकडे दोन गोष्टी मागाव्यात: पगार दोघांचा वेगळा ठरवा, आणि माझा माझ्या खात्यावर टाका. एकटीने मागायला भीती वाटेल, म्हणून एका रस्त्यावरच्या पाच-सहा बंगल्यांतल्या जणींनी एकाच महिन्यात मागावे. कोणाला काढले तर बाकीच्यांनी आणि आपल्या संघटनांनी तिच्यामागे उभे राहायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

आणि आणखी एक, फुकटचे काम. आपल्या बोलण्यातून बिगारी हा शब्द काढून टाकू या. माल कालवणारीला माल-कारागीर म्हणा, लिंपणारीला लिंपणकार म्हणा, तुम्हाला सुचेल ते म्हणा. नाव बदलले की दुसऱ्या दिवशी दर वाढणार नाही. पण दर मागताना बाई स्वतःला काय म्हणवते, तिथूनच बोलणी सुरू होतात. वह्या भरल्या की तालुक्याच्या मेळाव्यात घेऊन या. सगळ्या एकत्र मांडू, जोडू आणि मग तहसील कचेरीत जाऊ.